आणि त्यांचे मित्र

"यापुढची फर्माईश आली आहे धरणगावहून," रेडिओवरच्या बाई म्हणाल्या आणि टेलर खैरनारांनी शिलाई मशीन थांबवलं.

एकाहत्तर सालची गोष्ट. आमच्या श्रोता संघाची ही सोळावी फर्माईश. आधीच्या पंधरांची कुणी दखलही घेतली नव्हती. खैरनार संघाचे अध्यक्ष, कारण रेडिओ त्यांचा. पोस्टकार्डं मात्र मी लिहायचो, गाजलेलं गाणंही मीच निवडायचो. सगळ्यांची नावं मानाप्रमाणे लिहून संकोचानं माझं अकरावं टाकायचो.

अध्यक्षांचं नाव आलं, उपाध्यक्षांचं आलं, दोन्ही चिटणिसांचं आलं. अध्यक्षांच्या सासूबाईंचंही आलं; त्यांना तर ऐकूसुद्धा येत नव्हतं. दहा नावांनंतर बाईंना धाप लागली असावी.

"...आणि त्यांचे मित्र," त्या म्हणाल्या.

"मित्र म्हणजे तूच की रे!" म्हणत सगळ्यांनी एकमेकांना टाळ्या दिल्या.

म्हटलं, जाऊ दे, गाणं तर आपल्या पसंतीचं आहे. व्हायोलिनं सुरू झाली. मी डोळे मिटले.

खट्ट! अध्यक्षांनी रेडिओ बंद केला.

"अहो, गाणं?"

"नावं झाली ना! आता उगाच सेल कशाला उतरवायचे?"