झोपून छान येतं

सुनेने श्वास रोखून पलंगाखालचं भांडं उचललं, तसं रंगाऱ्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. शी, काय हे जिणं. सगळी हयात परांचीवर उभ्याने काढलेला माणूस, आणि आता त्याची लघवी सुनेच्या हातात. त्याला स्वतःचीच किळस आली.

मोडलेल्या घोट्याचं प्लास्टर कधीच निघालं होतं. पण पहिल्यांदा उठला तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो बदकन खाली बसला. मुलाने त्याला धरून उभं केलं, बीपी मोजलं. इतका खाली गेलेला आकडा बघून मुलाच्याच तोंडचं पाणी पळालं. मग झोपवून मोजलं, तर छान. झालं, तेव्हापासून मोजायचं ते झोपवूनच, आणि ठेवायचं तेही झोपवूनच.

डॉक्टर फोनवर ओरडले होते, "अहो, पडून पडून शरीर विसरतं उठल्यावर रक्त वर कसं ठेवायचं ते. आधी बसवा, पाय हलवू दे, मग हळूहळू उभं करा."

"डॉक्टरांचं काय जातंय बोलायला," मुलगा म्हणाला होता. "आकडा तर छान येतोय." आकडा छान येत होता आणि म्हाताऱ्याच्या पोटऱ्या वाळत चालल्या होत्या.

आज मुलाने मोठ्या माणसांच्या डायपरचं पाकीट उशाशी ठेवलं. "बाबा, आता उठायची कटकटच नाही." हे तो अगदी मायेने म्हणाला.

रंगारी उठून बसला. पाय खाली सोडून पावलं वरखाली करत राहिला.

"बाबा, झोपा. बीपी मोजायचंय."

रंगाऱ्याने त्याच्या हातातला पट्टा घेतला आणि त्याच्याच दंडाला गुंडाळला. "तू पड इथे महिनाभर. मग उठवून तुझं मोजू."

तो उभा राहिला. अंधारी आलीच. खिडकीचा गज धरून तो थांबला, ती ओसरू दिली, आणि भिंतीला हात लावत निघाला. मध्ये एकदा टेकला. मुलगा धरायला आला, त्याने कोपराने ढकललं.

"बाबा, कडी लावू नका," सून संडासाच्या दाराशी काकुळतीने म्हणाली. "आम्ही इथेच उभे आहोत."

मुलगा दंडावरचा पट्टा न सोडताच दाराला कान लावून उभा राहिला.

आतून कडी लागली.