उमरटेकचा पाहुणचार

चूल काही पेटेना. वर्षभराची ओल पिऊन ती माहेरी न धाडलेल्या सुनेसारखी फुगून बसली होती.

"माय, बोटीतलं डिझेल टाकू काय?" प्रसेनजितनं विचारलं.

"टाक लेका. शिडं दिसायच्या आत धूर निघाला पाह्यजे."

लिलाबाई फुंकणी घेऊन पुन्हा वाकली. धूर नसलेल्या गावाला गाव कोण म्हणेल?

उमरटेक म्हणजे धरणाच्या पाण्यात उरलेली टेकडी. खालचं गाव बुडालं, वरची वस्ती राहिली. मग दवाखान्यापायी, शाळेपायी तीही एकेक घर करत काठाला लागली. लिलाबाई स्वतः काठावरच्या केनवडला लेकाजवळ, प्रसेनजितजवळ, राहायची. पण दरसाल हिवाळ्यात नागपूरची मंडळी शिडाच्या होड्यांची शर्यत घेऊन येत आणि इथं जेवत. "तुम्ही इथे राहता म्हणून आम्ही येतो," असं त्यांचे म्होरके दिनेशराव एकदा बोलून गेले. लिलाबाईच्या मालकानं, माणिकरावानं, ते काळजावर कोरून घेतलं. टेकडी ओस दिसली तर शर्यत दुसऱ्या धरणावर जाईल. शर्यत गेली तर बुडाल्या गावाची माणसं पुन्हा एकत्र यायची नाहीत.

आता माणिकराव विहारामागच्या मातीत होते. त्यांच्याजवळ बसायचं निमित्तही ही शर्यतच.

म्हणून त्या एका दिवसापुरतं गाव परत यायचं. केनवडहून कोंबड्या, जऊळक्याहून बकऱ्या. बकऱ्यांना बोट लागायची. उतरल्या की दिवसभर तोंड पाडून उभ्या राहायच्या. शेजारीण चंदाबाई घरूनच भिजवून आणलेले कपडे दोरीवर टाकायची. यंदा त्यात सुनेचा नवाकोरा गाऊनही होता.

"चंदे, बह्याडे, एवढं नवं कायले?"

"मंग? गाव दाखवाचं हाये का गरिबी?"

शिडं आली. मोजकीच, ठिगळं लावलेली. जय भीम झाला, झेंडूचे हार झाले, भाकरी-ठेचा वाढला.

"आजी, मुलं कुठे आहेत?" दिनेशरावांच्या होडीवरच्या उज्ज्वलानं विचारलं.

"शाळेत," चंदाबाई फटकन बोलली.

"आज रविवार ना?"

लिलाबाईच्या हातातली भाकर तव्यावर तिरकी पडली. "आमच्या मास्तरले इतवार पटत नाही, बाई. लय खडूस हाये."

उज्ज्वला हसली.

लिलाबाईनं घाईनं विषय बदलला. "अवंदा होड्या कमी दिसून राह्यल्या?"

"मागे आहेत," दिनेशराव ठेच्याकडे बघत म्हणाले. "वारा नाही ना."

"त्याईच्यासाठी भाकरी ठेवू?"

"नको, नको. ते बाहेरूनच वळतील."

"मंग जिंकलं कोण?" प्रसेनजितनं विचारलं.

दिनेशरावांनी उज्ज्वलाकडे पाहिलं. "हीच."

टाळ्या झाल्या. बकऱ्यांनी मान वर केली नाही.

निघताना उज्ज्वलानं लिलाबाईचा हात धरला. "पुढच्या वर्षी असाल ना, आजी?"

"आमी कुठं जातो, पोरी?"

शिडं वळणाआड गेली. लिलाबाई विहारामागं जाऊन जराशी टेकली. "निभलं, मालक," ती मातीला म्हणाली. तोवर कोंबड्या टोपल्यात गेल्या, ओला गाऊन पिशवीत गेला, दारांना कुलपं लागली. चुलीवर तिनं स्वतः पाणी ओतलं.

वारा पूर्ण पडला होता. पाण्यावर आवाज लांब जातो, म्हणून प्रसेनजितनं इंजिन लावलं नाही. वल्ही मारत बोट काठाला आणली. बेशरमच्या झुडपांपलीकडून बोलणं ऐकू आलं. नागपूरची मंडळी अजून तिथंच शिडं गुंडाळत होती.

लिलाबाईनं चटकन बकरीचं तोंड दाबलं. बोटीतलं अख्खं गाव श्वास धरून बसलं.

"यंदा तरी सांगून टाकायचं होतं, काका," उज्ज्वला म्हणत होती. "शर्यत बंद होऊन कैक वर्षं झाली. कुठवर असं नाटक करत यायचं?"

दिनेशरावांनी गुंडाळलेल्या शिडाची दोरी आवळली.

"कसं सांगू? एवढ्या पाण्यात ती माणसं वर्षभर एकटी राहतात. आपण नाही आलो, तर त्यांच्याकडे दुसरं येणार कोण?"