भिंतीपलीकडचं भांडण

दाताच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या दोन मुली मोबाइलवर काहीतरी ऐकून खिदळत होत्या. "खिडकी लाव शकू, मला जरा..." हे शब्द कानी पडले आणि शकुंतलाबाईंनी चमकून मान वळवली. हा त्यांच्या यजमानांचा आवाज होता, आणि त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांचं बोलणं तोडत बाईंचा स्वतःचाच चिरका आवाज आला, "तुमचे हात मोडलेत का?" मुलींनीही ते वाक्य बरोबरीने म्हटलं.

"शेजाऱ्याने चोरून रेकॉर्ड करून नेटवर टाकलंय, आजी," एक म्हणाली. "आमच्या अख्ख्या होस्टेलला यांची भांडणं पाठ आहेत."

भिंतीला भिंत लागून एकच घर होतं, श्रीरंग ढवळेचं. दुखरा दात तसाच ठेवून त्या तडक त्याच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा पाहूनच तो पांढराफटक पडला.

"चुकलं माझं, काकू. आत्ता सगळं पुसून टाकतो."

"हात लावू नकोस." बाईंनी त्याला अडवलं. "ह्यांचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही."

मग पायरीवर बसत त्या म्हणाल्या, "त्यातलं माझं बोलणं काढता येतं का बघ. ह्यांना मी कधी पुरतं बोलूच दिलं नाही रे."