सरळ काठ

ताईचा डोळा लागल्याची खात्री करून धाकटीने टेबलक्लॉथ मांडीवर ओढला आणि कात्रीच्या टोकाने साखळी टाका उसवायला घेतला. आजही वाकडाच. सरळ जायचा काठ नागमोडी गेलेला.

ताई अडुसष्टची, धाकटी दोन वर्षांनी लहान. दोघींनी उभा जन्म चहाच्या टेबलाचं भरतकाम केलं. किटलीवर घालायच्या टीकोझ्या, ट्रेवरचे रुमाल, टेबलक्लॉथ. उलटी बाजूही सुलटीइतकी देखणी, अशी ताईच्या हाताची ख्याती. आता तोच हात मांडीवर रिकामा पडला की थरथरायचा. सुई सुटली तर ताई महिन्याभरात खाट धरेल, हे धाकटी ओळखून होती. म्हणून रोज दुपारी ही चोरी. ताईने सकाळी घातलेलं उसवायचं, सरळ भरायचं आणि चहाच्या वेळी साळसूद चेहऱ्याने कप पुढे करायचा.

पण काल नीट केलेली ओळ आज बघावी, तर पुन्हा वाकडी! ही बया पहाटे उठून उचापती करते, दुसरं काय? दोन महिने झाले, चारातला एक काठ पुरा होईना. उसवून उसवून कापडाची चाळण व्हायची वेळ आली होती. कधीकधी धाकटी रडत रडतच टाके घालायची.

"फार रेंगाळलं ग काम," ताई त्या दिवशी चहा घेताना म्हणाली. "कापडच सरकतं मेलं."

नाचता येईना अंगण वाकडं, धाकटी मनात म्हणाली. तोंडाने म्हणाली, "या घरात धड आहे काय? त्या सुताराने दाराची चौकटसुद्धा वाकडी बसवलीय."

ताईने चौकटीकडे पाहिलं, मग धाकटीकडे.

"मेला कामचुकारच तो," ती म्हणाली. मग धाकटीचा सुयांचा डबा जवळ ओढून तिने सगळ्या सुयांत दोरे ओवून ठेवले. हे ती हल्ली रोज करायची. धाकटीला ती अजून छकूच म्हणायची. म्हणे, तेवढाच छकूचा वेळ वाचतो.

शेवटी टेबलक्लॉथचं काम देणाऱ्या दुकानवाल्या बाई स्वतःच आल्या. हे काम बिघडलं तर पुढचं मिळणार नाही, असा त्यांचा निरोप आधीच आला होता. त्यांनी काठावरून बोट फिरवलं. धाकटी चहा टाकायला आत गेली.

बाई निघाल्या तशी ती त्यांना दारापर्यंत सोडायला गेली.

"बाई, ताईचा हात गेलाय हो," ती हलक्या आवाजात म्हणाली. "मी तिच्या नकळत सगळं सुधारते, ती पुन्हा बिघडवते. पण तिला कळू देऊ नका. काम बंद झालं तर जगायची नाही ती."

बाई बराच वेळ चपलेचा पट्टा लावत राहिल्या.

"मघाशी तुम्ही आत गेलात ना," शेवटी त्या म्हणाल्या, "तेव्हा ताईंनी मला हेच सांगितलं. तुमच्याबद्दल. फक्त हात नाही, डोळे म्हणाल्या."

बाई गेल्या. धाकटीने आधाराला चौकट धरली. मग डोळे मिटून, टाके तपासावेत तशी, ती वरपासून खालपर्यंत बोटांनी चाचपली.

चौकट सरळ होती.