द्वारकाबाईंचा कागद

"आशाबाई, हिरवा. फर्स्ट क्लास," प्रांजल माईकवर म्हणाली आणि शहागंजातल्या मंगल कार्यालयात बसलेल्या बायकांनी टाळ्या पिटल्या.

खरं तर हाडं तपासायच्या या शिबिरात दहावीतल्या प्रांजलनं स्टेजवरून फक्त नावं पुकारायची होती. टाचेला जेल लावून पाय मशीनमध्ये ठेवायचा. हाडं भरीव आहेत की पोकळ, ते दोन मिनिटांत कळतं. मग मशीन चालवणारा रामकिसन हिरवा, पिवळा नाहीतर लाल ठिपका आणि हाडांच्या मजबुतीचा आकडा असलेला कागद छापतो. पण नुसती नावं पुकारून प्रांजलला कंटाळा आला होता, आणि रंग वाचले की बायका जाम खुलत होत्या.

"मनकर्णाबाई, पिवळा. दूध सगळं सुनेला देता वाटतं?"

"सुनेला कशाला, मांजराला देते," मनकर्णाबाई म्हणाल्या. सगळा हॉल हसला.

पुढचा कागद आला. "द्वारकाबाई. लाल. उणे दोन पॉइंट नऊ."

हसू थांबलं. प्रांजलला वाटलं, धीर द्यावा. वक्तृत्व स्पर्धेत बोलावं तशी ती खणखणीत बोलली, "घाबरायचं नाही. वेळेत सापडलंय. मोठ्या दवाखान्यात पक्की तपासणी करायची, औषध घ्यायचं. आणि आजपासून जड अजिबात उचलायचं नाही. पडलात तर खुबा मोडेल."

दुसऱ्या रांगेतल्या अनसूयाबाईंनी द्वारकाबाईंकडं मान वळवली. छावणीत अनसूयाबाईंचा जेवणाच्या डब्यांचा व्यवसाय, रोजचे ऐंशी डबे. भाताची, वरणाची पातेली शेगडीवरून द्वारकाबाईच उतरवायच्या. शिबिराला त्यांना अनसूयाबाईंनीच आणलं होतं.

"द्वारका, उद्यापासून येऊ नकोस गं," त्या हळूच म्हणाल्या. तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "माझ्याकडं पडलीस तर मी काय करू?"

"नाय पडत, वहिनी. सोळा वर्षांत पडले का कधी?"

"तेव्हा ठाऊक नव्हतं."

"मला तरी कुठं व्हतं. कागद पिशवीत टाकते, कुणाला कळतंय."

"अख्ख्या हॉलनं ऐकलंय, द्वारका."

रामकिसननं माईक बंद केला. प्रांजलकडं न बघता तो म्हणाला, "तुला नावं सांगितली होती ना नुसती."

प्रांजल स्टेजवरून खाली धावली. "काकू, त्यांना भाजी चिरायला द्या ना. बसून होईल."

"त्याला दोघी आहेत आधीच." अनसूयाबाईंचे डोळे भरले होते. त्या रागावल्या असत्या तर प्रांजलला बरं वाटलं असतं.

"मावशी, चुकलं माझं."

"तुझं काय चुकलं, बाई. लिहिलं व्हतं ते वाचलंस." द्वारकाबाई उठल्या.

दाराशी पाण्याचा भरलेला जार नुकताच कुणी उतरवून गेलं होतं, वीस लिटरचा. टेबलावरचा संपला होता. द्वारकाबाईंनी पदर खोचला, वाकल्या, जार उचलून कमरेवर घेतला आणि अनसूयाबाईंच्या समोरून, अजिबात घाई न करता, टेबलाकडं निघाल्या.

'ठेवा ते खाली,' म्हणायला प्रांजलनं तोंड उघडलं. अनसूयाबाई बघत होत्या.

प्रांजलनं तोंड मिटून घेतलं.