बोअरवेलला सील

रिसॉर्टच्या बोअरवेलनं आमची विहीर आटली, तेव्हा आई नाक मुठीत धरून तिथेच चादरी धुवायला जाऊ लागली. त्याच पगारावर तिनं मला शाश्वत पर्यटनाच्या पदवीपर्यंत नेलं. मालक हसायचा, "भटकण्याचंही शिक्षण असतं होय?"

काल मी तिथे सरकारी तपासनीस म्हणून गेले आणि बेकायदा बोअरवेलला सील लावायला घेतलं. मालकाचा सूरच बदलला. "अगं, पाणी गेलं तर रिसॉर्ट बंद पडेल. पहिली नोकरी तुझ्या आईचीच जाईल!"

माझा हात थबकला.

आई धुलाईच्या खोलीतून बाहेर आली होती. हातातली ओली चादर तिनं मालकाच्या पायाशी टाकली.

"लाव सील. नुसती नोकरी लागावी म्हणून नव्हतं शिकवलं तुला."