कपाटामागची भिंत

"अजून जरा डावीकडे," वरच्या मजल्यावरची वहिनी दारातूनच कुजबुजली. "कोपरा दिसतोय बघ."

शिवणकाम करणाऱ्या बाईने पाठ लावून कपाट रेटलं. त्याच्यामागचा रंग अजून ओलाच होता. काल एकच डबा खालपासून वरपर्यंत सगळ्या मजल्यांवर फिरला होता. स्वस्त भाड्याच्या त्या वसाहतीत ही रीतच पडली होती. कार्यालयाचे साहेब पाहणीला यायचे, त्याच्या आदल्या दिवशी वर्गणी काढून डबा आणायचा, आणि रंगाने भागलं नाही तिथे कपाट सरकवायचं.

घर नीट राखणं ही भाडेकरूची जबाबदारी, असं करारात लिहिलेलं होतं. तळमजल्यावरच्या ड्रायव्हरच्या बायकोने एकदा भोळेपणाने साहेबांना ओल दाखवली. तुम्ही घरात कपडे वाळत घालता म्हणून असं होतं, असं त्यांनी तिलाच ऐकवलं आणि दुरुस्तीचा खर्च तिच्याच भाड्यात चढवला. तेव्हापासून सगळी इमारत शहाणी झाली. शहाणी कसली, मुकी झाली.

खाटेवर सासूबाई खोकत होत्या. औषध देतो, पण आधी यांना ओलीतून हलवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हलवणार कुठे? या भाड्यात बाहेर कोणी जिन्याखालची जागाही दिली नसती.

वरची घरं उरकून साहेब आत आले. चपला त्यांनी काढल्या नाहीत. खोलीच्या मधोमध उभं राहून त्यांनी मान एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवली आणि कागदावर खूण केली. झाली पाहणी.

"वा! भिंती अगदी स्वच्छ. वरही तसंच," ते म्हणाले. "तुम्ही लोकांनी इमारत छान राखलीय. म्हणून तर यंदा ती वरच्या श्रेणीत गेली. पुढच्या महिन्यापासून भाडं वाढेल."

"वाढेल? का हो?"

"घर उत्तम, तर भाडंही उत्तम घराचं. सरळ आहे."

बाईला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं, आणि तिच्या अंगाची लाही लाही झाली. इतकी वर्षं आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेत होतो, तोही वर्गणी काढून!

तिने गळ्यातली टेप काढून मशीनवर टाकली आणि कपाटाला हात घातला.

"अगं, काय करतेस?" वहिनीने तिचा दंड धरला. "पोराबाळांचा तरी विचार कर."

"तोच करतेय." बाईने दंड सोडवून घेतला आणि कपाट ओढलं. फरशीवर पाय घासत ते करकरत बाजूला झालं.

मागची भिंत पांढरी होती, पण फुगलेली. कडेचे पोपडे सुटून खाली पडले होते.

"हात लावा साहेब."

"मला दिसतंय इथून."

"इतकी वर्षं इथूनच दिसतंय तुम्हाला. हात लावा."

साहेबांनी दोन बोटं टेकवली. बोटं पांढरी झाली आणि रंगाखालून पाण्याचा ओघळ निघाला. त्यांनी घाईघाईने खिशातून रुमाल काढला.

"खिडक्या बंद ठेवता तुम्ही. स्वयंपाकाची वाफ कोंडते."

"या भिंतीशी चूल नाही, न्हाणी नाही. हिच्या पोटात पाइप आहे, आणि तो तुमचा."

"मग हे आधी का नाही सांगितलंत? असं लपवून ठेवणं करारात बसत नाही."

"सांगितलं तर आम्ही घर राखलं नाही, नाही सांगितलं तर लपवलं!" तिचा आवाज जिन्यापर्यंत गेला. "भाडं एक दिवस चुकवलेलं नाही मी. केर काढते, नळ गळला तर वायसर मी बदलते, दाराची कडी मी बसवते. माझी जबाबदारी मला तोंडपाठ आहे. तुमची कोणी तुम्हाला वाचून दाखवली नाही का?"

सासूबाईंना पुन्हा उबळ आली.

साहेबांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. त्यांचा आवाज आता मऊ झाला होता, आणि तो मऊपणाच जास्त झोंबणारा होता. "हे बघा ताई, तक्रार करा हवी तर. पण इमारतीत बाकी कुठेच ओल नाही. आत्ताच तर सगळी वरची घरं पाहिली मी. एकट्या तुमच्याकडे असेल, तर दोष तुमच्या वापराचाच धरावा लागेल. खर्च तुमच्यावर येईल. करारही पुढे चालू राहील की नाही, सांगता येत नाही." मग ते वहिनीकडे वळले. "काय हो, तुमच्याकडे आहे का काही?"

वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने बाईकडे पाहिलं नाही. पदर आवळून ती मुकाट्याने दाराबाहेर पडली आणि जिन्यावरून तिची पावलं वर गेली.

"बघा," साहेब म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

बाई भिंतीशी तशीच उभी राहिली. काल याच वहिनीने स्टुलावर चढून या भिंतीचा वरचा कोपरा रंगवून दिला होता. आता रडू येईल असं तिला वाटलं, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला.

तेवढ्यात डोक्यावर काहीतरी करकरलं. जड लाकडाचे पाय फरशीवर घासत होते. साहेबांनी वर पाहिलं. आवाज थांबतो न थांबतो तोच शेजारच्या भिंतीपलीकडून दुसरा आला, मग जिन्यापलीकडून तिसरा.

सासूबाई कोपरावर रेलून उठल्या आणि त्यांनी पायाने स्टूल पुढे ढकललं.

"बसा साहेब," त्या म्हणाल्या. "आज तुम्हाला उशीर होणार."